दुकानं तीन, ट्रंक एक

युनिटमध्ये नवी पोरं आली की त्यातल्या दोघा-तिघांच्या ट्रंकेत लॅपटॉप असतो. परवानगी, नोंद वगैरे सोपस्कार झाले की आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, "साब, गेम लेना है तो कहाँ से लें? स्टीम से कि एपिक से?" या प्रश्नाची उत्तरं इंटरनेटवर ढिगानं पडली आहेत. पण ती लिहिणाऱ्याच्या घरात चोवीस तास फायबर चालू असतं. तो भाव बघतो, सेल बघतो, कुणाकडे किती गेम आहेत ते मोजतो. आमचा पहिला प्रश्न निराळा असतो. बर्फ पडून रस्ता बंद झाला, नेट गेलं, तर पैसे देऊन घेतलेला गेम उघडेल का? दुसरा प्रश्न, दोन-अडीच वर्षांनी मूव्ह आली, ट्रंक बांधली, तर त्या ट्रंकेत नेमकं काय जातं? आणि एक तिसराही प्रश्न आहे. तो पोरं विचारत नाहीत, त्यांचं ते वय नाही. तो पुढे येईल.

माझ्या पिढीला दुकान असं काही नव्हतंच. आमच्या तालुक्याच्या गावी स्टँडसमोर एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये. इंटरनेट नावालाच, सगळी गर्दी 'प्रोजेक्ट आयजीआय' आणि 'कमांडोज' खेळायला. आयजीआय २००० सालचा, कमांडोज १९९८चा. आयजीआयमध्ये मोहिमेच्या मध्ये सेव्ह करायची सोय नव्हती. शेवटच्या मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्यानं टिपलं की परत पहिल्यापासून, आणि तेवढ्यात मालक ओरडायचा, "ए, टाइम संपला." त्यातला हिरो डेव्हिड जोन्स एकटाच अख्ख्या तळात घुसायचा. भरती झाल्यावर हे कुठल्या उस्तादाला सांगितलं असतं तर त्यानं मैदानाच्या दहा फेऱ्या जादा मारायला लावल्या असत्या. त्या गेमच्या सीडी कुठून यायच्या हे कुणी विचारत नसे. पण सीडी ही वस्तू होती. हातात घेता यायची, दोस्ताला देता यायची, खिशात घालून रेल्वेनं नेता यायची. आताच्या दुकानात मिळतं ते काय, हे समजून घ्यायला मला दोन फिल्ड पोस्टिंग लागल्या.

स्टीमपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीनं ते १२ सप्टेंबर २००३ ला सुरू केलं. आधी काम एवढंच होतं, की त्यांच्या स्वतःच्या गेमना अपडेट पोचवायचे. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये 'हाफ-लाइफ २' आला तेव्हा दुकानातून डबा आणला तरी नेट लावून स्टीमवर नोंद केल्याशिवाय तो चालत नसे. तेव्हा लोक चिडले होते. नंतर दुसऱ्या कंपन्यांचे गेम तिथे विकायला आले, आणि आज पीसीवरचं सगळ्यात मोठं दुकान तेच. २०१५ च्या नोव्हेंबरपासून भाव रुपयांत दिसायला लागले, आणि बऱ्याच गेमचा रुपयातला भाव डॉलरच्या हिशेबानं होईल त्यापेक्षा कमी असतो. त्याच वर्षी परताव्याचा नियमही आला : घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळून दोन तास व्हायच्या आत मागितलं तर पैसे परत. माल घेऊन बघा, नाही पटला तर आणून द्या, असं म्हणणारा किराणा दुकानदारही आता राहिलेला नाही, त्यामुळे याचं मला कौतुक आहे.

पण फौजीच्या कामाची गोष्ट वेगळी, ती म्हणजे ऑफलाइन मोड. नेट नसताना स्टीम चालतं. मात्र त्यासाठी आधी नेट असताना तयारी लागते. लॉगिन करून पासवर्ड लक्षात ठेवायला सांगायचं, सगळे अपडेट पूर्ण करायचे, प्रत्येक गेम एकेकदा उघडून बघायचा, कारण पुष्कळ गेम पहिल्यांदा उघडताना काही ना काही उतरवून घेतात. मग नेट बंद करून परत एकदा उघडून बघायचं. हे सगळं सुट्टीवरून निघायच्या आदल्या दिवशी घरी करायचं, ट्रान्झिट कॅम्पात नाही. मी पोरांना सांगतो, किट तपासतो तसं तपासा. आणि ज्या गेमच्या पानावर डेनुवो असं लिहिलेलं असेल तो पहाडावर नेऊ नका. डेनुवो हे कंपन्यांनी चोरी रोखायला लावलेलं जास्तीचं कुलूप, त्याला परवानगी नेटवरून मिळते, आणि मशिनमध्ये काही बदललं की ते परत परवानगी मागू शकतं.

एक गोष्ट शहरातल्या माणसाला कधीच कळणार नाही. अजिबात नेट नसणं परवडतं, थोडंसं नेट असणं परवडत नाही. समजा दोन महिने स्टीम ऑफलाइन आहे, गेम मजेत चालला आहे. एखाद्या दिवशी टॉवरला दोन काड्या येतात, फोनचा हॉटस्पॉट लावला जातो आणि स्टीमला जगाची खबर लागते. त्या दोन मिनिटांत त्याला कळतं की अमुक गेमचा १२ जीबीचा अपडेट आलेला आहे. आता तो अपडेट उतरवल्याशिवाय गेम सुरू होत नाही, आणि दोन काड्यांवर १२ जीबी उतरवायचे म्हणजे पुढच्या सुट्टीचीच वाट बघावी लागते. म्हणून नियम : हॉटस्पॉट घरी बोलण्यासाठी, लॅपटॉपला त्याचा वारा लागू द्यायचा नाही.

स्टीमनं २०२३ च्या फेब्रुवारीत एक सोय आणली, ती बॅरकीसाठीच आणली असावी असं मला वाटतं, जरी त्यांच्या मनात बॅरक नसणार. एकाच नेटवर्कवर दोन कॉम्प्युटर असतील आणि एकावर गेम असेल, तर दुसरा तो इंटरनेटवरून न घेता शेजाऱ्याकडून उतरवून घेतो. आधी सेटिंगमध्ये कुणाला द्यायचं ते ठरवावं लागतं, स्वतःलाच, मित्रांना की सगळ्यांना. दोघांकडे तो गेम विकत घेतलेला हवा आणि स्टीमला तेवढ्यापुरतं नेट हवं, पण ते बोलण्यापुरतं, माल वाहायला नाही. पीस स्टेशनला सहा जणांनी एकच गेम घेतला तर एकानं उतरवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून न्यायचा. लंगरातल्या डेगचीतून सहा ताटं वाढावीत तसं.

आता गॉग. हे नाव पोरांना फारसं माहीत नसतं. मला हे दुकान आवडतं, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं वजा करता येईल.

गॉगच्या मागची कथा पोलंडची आहे आणि ती आपल्याला ओळखीची वाटेल. तिथे १९९४ पर्यंत सॉफ्टवेअरला संरक्षण देणारा धड कायदा नव्हता, नकली माल राजरोस बाजारात विकला जायचा. त्याच वर्षी वॉर्सात मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोघा शाळासोबत्यांनी सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली, बाहेरचे गेम आणून विकायची. लोकांना चोरीचा माल अगदी स्वस्तात मिळत असताना खरा कोण घेणार? त्यांनी १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला, नामवंत नटांचे आवाज घेऊन, भरगच्च डब्यात नकाशा वगैरे घालून. कुलूप वाढवण्यापेक्षा माल चांगला द्यायचा, असा तो विचार होता. पुढे याच कंपनीनं 'द विचर' केला. आणि २००८ मध्ये जुने गेम विकायचं दुकान काढलं, गुड ओल्ड गेम्स, म्हणजे गॉग. अट एकच : इथल्या गेमला कुलूप नाही.

कुलूप नाही म्हणजे काय, हे बॅरकीत दाखवल्याशिवाय पटत नाही. गॉगवर गेम घेतला की त्याची इन्स्टॉलर फाइल उतरवता येते. ती डिस्कवर ठेवायची, हव्या त्या दिवशी लावायची. लॉगिन नाही, क्लायंट नाही, कुणाची परवानगी नाही. मोठा गेम असेल तर त्याचे ४ जीबीपर्यंतचे तुकडे असतात. शहरातला माणूस या तुकड्यांना कंटाळतो. मला ते सोयीचे वाटतात, कारण तुटक्या नेटवर आज एक तुकडा, उद्या एक तुकडा असं जमतं, आणि मध्येच लाइट गेली तर एकच तुकडा परत घ्यावा लागतो. त्यांचं गॅलक्सी नावाचं क्लायंट आहे, पण ते ऐच्छिक. माझ्या लॅपटॉपवर ते नाही.

या दुकानाचे दोषही आहेत. माल कमी. नवे मोठे गेम बऱ्याचदा इथे येतच नाहीत, कारण मोठ्या कंपन्यांना कुलूप हवंच असतं. काही गेमचे अपडेट इथे उशिरा पोचतात. नेटवरून दुसऱ्यांशी खेळायचं असेल तर बहुतेक वेळा गॅलक्सी लागतंच. २०२१ मध्ये 'हिटमॅन' त्यांनी विकायला ठेवला, त्यातल्या पुष्कळ गोष्टी नेटशिवाय उघडत नव्हत्या, गिऱ्हाइकांनी बोंब मारली, तेव्हा त्यांनी तो काढून घेतला. ठेवायलाच नको होता, पण काढला हेही खरं. आणि भाव मला डॉलरमध्ये दिसतात. म्हणजे कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या, बँकेचा वरचा आकार भरा. २०२० पासून नव्या कार्डावर ही सोय बंदच येते, आपण सांगितल्यावर सुरू होते. माझ्या बँकेच्या शाखेतल्या बाईंनी "परदेशात काय घेताय?" म्हणून विचारलं. गेम म्हटल्यावर त्यांनी माझ्या मिशीकडे बघितलं.

परताव्याच्या बाबतीत मात्र गॉग सगळ्यांच्या पुढे. २०२० पासून तीस दिवस, गेम उतरवून, लावून, खेळून झाला असला तरीही. गैरफायदा घेऊ नका, एवढी विनंती तेवढी ते करतात. विश्वासावर चालवलेला धंदा आहे आणि इतकी वर्षं चालला आहे.

डिस्कचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. गेम दुकानातून घ्यायच्या आधी ते ठेवायला काय घेता ते बघा. जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कच्या कागदावर बारीक अक्षरात चालवायच्या उंचीची मर्यादा छापलेली असते, साधारण ३,००० मीटर. कारण तिच्या आत वाचणारं डोकं तबकडीवर हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं, आणि वर हवाच विरळ. लेह शहरच ३,५०० मीटरवर आहे, आमची ठिकाणं त्याच्या वर. म्हणून पहाडावर जायचं तर एसएसडी, जिच्यात फिरणारं काही नसतं. आणि थंडीतून आणलेला लॅपटॉप बुखारीच्या खोलीत आल्या आल्या सुरू करायचा नाही, आत दव धरतं. अर्धा तास बॅगेतच राहू द्यायचा. वाळवंटात याच्या उलट सगळं, तिथे पंख्यात रेती. राजस्थानात मी लॅपटॉपवर ओलं फडकं बांधलेल्या खिडकीजवळ खेळलो आहे, आणि आसामात पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात पेनड्राइव्ह ठेवले आहेत.

तिसरं दुकान एपिक. हे २०१८ च्या डिसेंबरमध्ये उघडलं. पोरांना ते एकाच गोष्टीसाठी माहीत : गुरुवारी फुकट. दर आठवड्याला एखाद-दोन गेम, आपल्याकडे रात्री साडेआठला, अमेरिकेत हिवाळ्याची वेळ लागली की साडेनऊला. खात्यावर घेऊन ठेवायचा, मग तो आपला. २०२० च्या मे महिन्यात 'जीटीए फाइव्ह' फुकट दिला तेव्हा इतकी झुंबड उडाली की दुकानच काही तास बंद पडलं. फुकट घेऊन ठेवायला लॅपटॉपही लागत नाही, फोनवरच्या ब्राउझरमधून होतं. माझा मुलगा नववीत आहे. गुरुवारी तो आमच्या सामायिक कामासारखं हे काम करतो. मी ज्या दिवशी फोनवर येतो त्या दिवशी आई, शाळा, विहिरीचं पाणी हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणतो, "पप्पा, या आठवड्यातला घेऊन ठेवलाय." त्यातले निम्मे आम्ही कधीच उतरवणार नाही. पण फोनवर रोज बोलायला विषय लागतात, हे ज्यांनी दोन वर्षं फोनवर संसार केला आहे त्यांना सांगायला नको.

दुकान म्हणून एपिक कच्चं होतं आणि बरंचसं अजून आहे. एकावेळी दोन वस्तू घेता याव्यात म्हणून लागणारी टोपलीसुद्धा त्यांनी २०२१ च्या डिसेंबरमध्ये आणली, म्हणजे दुकान उघडून तीन वर्षांनी. ऑफलाइन चालवायची सोय आहे, पण कुठला गेम नेटशिवाय उघडेल हे ज्याचं त्याला तपासावं लागतं, आणि गॉगसारखी सुटी इन्स्टॉलर फाइल मिळत नाही. काही गेम पैसे देऊन वर्षभर फक्त आपल्याकडे ठेवायचे, हा त्यांचा डाव लोकांना आवडला नाही. 'मेट्रो एक्सोडस'च्या वेळी तर स्टीमवर आगाऊ बुकिंग चालू असताना तो उचलून एपिकवर नेला. ज्यांनी आधी घेतला होता त्यांना स्टीमवरच मिळाला, पण ओरड व्हायची ती झालीच.

तरी एका गोष्टीसाठी एपिकला मान द्यायला हवा. गेम करणाऱ्याकडून स्टीम विक्रीतले ३० टक्के कापून घेत आलं. एपिक १२ टक्केच घेईन म्हणून आलं. एपिक उघडायच्या काही दिवस आधीच स्टीमनं जाहीर केलं की एका गेमची विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेली तर वरच्या विक्रीवर २५ टक्के, पाच कोटींच्या वर २० टक्के. म्हणजे सवलत मोठ्यांना, लहान माणसाला ३० कायम. मार्केट यार्डात अडत्याकडे माल नेणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही.

लहान माणूस म्हणजे कोण, तर आपल्या पुण्याचं उदाहरण आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या लहानशा चमूनं 'राजी' नावाचा गेम केला. धाकट्या भावाला राक्षसांनी पळवलं म्हणून त्याच्यामागे निघालेली एक डोंबाऱ्याची म्हणावी अशी कसरती मुलगी, तिच्यावर नजर ठेवून बोलणारे दुर्गा आणि विष्णू, आणि मधली गोष्ट सांगायला बाहुल्यांच्या सावल्या. लोकांकडून वर्गणी काढून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी तो पुरा केला, आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तो पीसीवर आला. तिन्ही दुकानांत आहे. मी कुठून घ्यावा हा प्रश्न होता. एपिकवरून घेतला तर पुण्याच्या पोरांच्या हातात जास्त पडणार होते, गॉगवरून घेतला तर माझ्या ट्रंकेत कायमचा राहणार होता. गॉगवरून घेतला. घरी सुट्टीत मुलीला मांडीवर घेऊन खेळलो, तिला राक्षसांपेक्षा झोके आणि भिंतीवरून पळणं आवडलं.

सुरक्षेबद्दल दोन शब्द, कारण आपल्या वाचकांत वर्दीतले पुष्कळ आहेत. २०२० च्या जुलैमध्ये फौजेनं ८९ ॲप काढून टाकायला सांगितली, त्यात पबजीही होता. तो हुकूम फोनवरच्या ॲपचा, पण त्यामागचं कारण लॅपटॉपलाही लागू आहे. खात्याचं नाव, फोटो, मित्रांची यादी, रोज किती वाजता खेळतो आणि कुठले सहा जण एकाच वेळी गायब होतात, हे सगळं बाहेरच्याला दिसू शकतं. स्टीमवर प्रोफाइल खाजगी करता येतं, ते आधी करा. नावात रेजिमेंट नको, युनिटचा नंबर नको, ठिकाण नको. गेममधल्या अनोळखी माणसाशी आवाजात बोलणं नको. एपिकमध्ये चीनच्या टेन्सेंटनं २०१२ मध्ये सुमारे ४० टक्के हिस्सा घेतला होता, हेही माहीत असू द्या. मालकी अमेरिकन संस्थापकाच्या हातातच राहिली आहे, आणि त्यावरून कुणी काही चोरतं असं मी म्हणत नाही. पण मी एपिक लॅपटॉपवर फक्त घरी लावतो, पोस्टिंगवर नाही. यात वाद घालायचा तर घाला, मी बदलणार नाही.

आणि एक बारीक गोष्ट. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही. खात्याचा कोड एसएमएसवर येत असेल तर सिम काढल्याक्षणी तुम्ही स्वतःच्याच दुकानाच्या बाहेर. स्टीमचं फोनवरचं कोड देणारं ॲप वेळेवर चालतं, त्याला कोड काढायला नेटवर्क लागत नाही. जायच्या आधी ते लावून घ्या.

आता तो तिसरा प्रश्न. फौजेत माणूस आला की पहिल्या आठवड्यापासून त्याच्याकडून कागद भरून घेतात. किंड्रेड रोल, त्यात बायको, मुलं, आईवडील. ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन. पगाराच्या खात्याचं नॉमिनेशन. लग्न झालं की बदल, मूल झालं की बदल, पार्ट टू ऑर्डर. पहिल्यांदा हे कागद भरताना हात अडखळतो, नंतर रेशनच्या फॉर्मसारखे भरले जातात. पहाडावर जायच्या आधी आम्ही ते परत एकदा तपासून घेतो. गेल्या वेळी तपासताना मनात आलं, यातल्या एकाही कागदावर माझ्या गेमसाठी रकाना नाही. बारा वर्षांत थोडे थोडे करून घेतलेले शंभरावर गेम आहेत. सायकलीपेक्षा नक्कीच जास्त किमतीचे आहेत, आणि सायकल मुलाला जाते.

शोधलं तर उत्तर सापडलं. २०२४ च्या मे महिन्यात कुणीतरी स्टीमला हेच विचारलं होतं, मृत्युपत्रात खातं लिहून ठेवता येईल का? उत्तर आलं की नाही, खातं आणि गेम दुसऱ्याच्या नावे होत नाहीत. त्याच सुमारास गॉगनं सांगितलं की साधारणपणे त्यांचंही खातं हस्तांतर होत नाही, पण त्या खात्याचा स्पष्ट उल्लेख असलेला कोर्टाचा आदेश आणला तर ते शक्य ते करतील. माझी बायको खरेदीखताच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे सहा हेलपाटे घालून थकलेली आहे, ती पोलंडच्या दुकानासाठी कोर्टात जाईल असं मला वाटत नाही. पण जायची गरजही नाही, कारण गॉगचं जे आहे ते डिस्कवर आहे.

करार वाचला तर तिन्ही दुकानं गेम विकत नाहीत, खेळायचा परवाना देतात. गॉगसुद्धा. कॅलिफोर्नियानं २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कायदा केला की गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगा, आणि पुढच्याच महिन्यात स्टीमवर पैसे भरायच्या पानावर तशी ओळ दिसायला लागली. त्याच वर्षी ३१ मार्चला युबिसॉफ्टनं 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले होते. ज्यांनी पूर्ण पैसे देऊन घेतला त्यांनाही तो उघडता येईना, कारण तो नेटशिवाय चालतच नव्हता. परवाना सगळीकडेच असतो, प्रश्न एवढाच की किल्ली कुणाच्या खिशात आहे.

स्टीमनं कुटुंबासाठी एक योजना आणली आहे, सहा जणांपर्यंत, प्रत्येकाचं वेगळं खातं, एकमेकांचे गेम खेळता येतात. अट अशी की सगळे एकाच घरातले हवेत. आम्ही चौघं एकाच घरातले आहोत, फक्त त्या घराचा एक माणूस कधी जैसलमेरला असतो, कधी तवांगच्या बाजूला. अमेरिकेतल्या ज्यानं ती अट लिहिली त्याच्या डोळ्यांसमोर असं घर नसावं. मी मुलाला त्यात घेतलं आहे. मी असेपर्यंत ते ठीक आहे.

म्हणून माझी पद्धत अशी झाली आहे. जे सगळ्यांबरोबर खेळायचं ते स्टीमवर, सेलमध्ये, रुपयांत. फुकटचं ते एपिकवर, मुलाच्या हातानं. आणि जे खरंच आवडतं, परत परत खेळावंसं वाटतं, ते डॉलर मोजून गॉगवर. आयजीआय आणि कमांडोज तिथेच घेतले, वीस रुपये तासापेक्षा स्वस्त पडले. 'स्टारड्यू व्हॅली' एका माणसानं एकट्यानं केलेला शेतीचा गेम, एवढासा आकार, बर्फात अडकलेल्या चार महिन्यांत मी त्यात तीन वर्षं शेती केली. सहकाऱ्यांनी हसून घेतलं, "साब, घर पे खेत कम है क्या?" घरच्या शेतात पाऊस माझ्या मर्जीनं पडत नाही, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता, तेही शेतकऱ्यांचीच पोरं.

इन्स्टॉलर फाइल दोन डिस्कवर आहेत. एक माझ्या काळ्या ट्रंकेत, दुसरी घरच्या लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या पिशवीशेजारी. पॉलिसीचे नंबर जिथे लिहिले आहेत त्या वहीत एक पान वाढवलं. डिस्क कुठे आहे, तिच्यावर काय काय आहे, लावायची कशी. गॉगच्या खात्याचा ईमेल. स्टीमच्या ओळीपुढे काही लिहिलं नाही. बायकोनं ते पान वाचलं आणि म्हणाली, "अहो, हे कशाला आत्ता?" मी म्हटलं, बाकीचे कागद भरले तसाच हा एक. तिनं वही ठेवून दिली.

मुलाला नंतर फोनवर सांगितलं की कपाटात तुझी एक डिस्क आहे. तो म्हणाला, "पप्पा, मग आत्ताच लावून बघू का?" लाव म्हटलं. पुढच्या आठवड्यात फोन लागला तेव्हा विहिरीचं पाणी नाही, शाळा नाही, पहिलंच वाक्य : "पप्पा, कमांडोजमध्ये तो हिरव्या टोपीवाला जमिनीत लपतो कसा?"